कंदीलवाल्याचा डावा हात

आवृत्ती १.०
*बदल: काही नाही. सगळं पूर्वीसारखंच आहे.*

कंदीलवाल्याचा डावा हात मेला होता, आणि तो कुणी मारला हे संध्याकाळच्या आत सांगायचं होतं.

मेला म्हणजे तुटला नव्हता. खांद्यापासून बोटांपर्यंत जागच्या जागी होता, फक्त हलत नव्हता. म्हातारा कंदीलवाला उजव्या हातात कंदील धरून पूल ओलांडत होता, पाय नेहमीच्या ऐटीत पडत होते, कोटाची शेपटं वाऱ्यावर उडत होती, आणि डावा हात मात्र कुणीतरी खुंटीला अडकवून विसरून गेल्यासारखा लोंबत होता.

आता हा कंदीलवाला काही हाडामांसाचा माणूस नव्हे. एका व्हिडिओ गेममधला म्हातारा, अंधाऱ्या शहरात दिवे लावत फिरणारा. गेममध्ये बंदूक नाही, मारामारी नाही, एक साधी शिवीसुद्धा नाही. तरी लोकांचा त्याच्यावर जीव, आणि तो त्याच्या चालीसाठी. चालताना डावा हात असा काही मोकळा झुलायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याला कुठेही वेळेवर पोचायचं नाही आणि कुणाचं काही देणं लागत नाही. शाळेत असताना तो गेम खेळलेली पोरं आता पोराबाळांची झाली होती. म्हणून कंपनीनं तोच गेम नव्यानं, चकचकीत करून काढला. काल तो बाजारात आला. आज सकाळी कुणीतरी जुनी चाल आणि नवी चाल शेजारीशेजारी लावून सगळीकडे पसरवली आणि खाली लिहिलं, ‘आमच्या आजोबांना काय केलंत?’

साहेबांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसलं कुणीच नव्हतं.

“वहिनी, ही आवृत्ती तुम्ही तपासून पास केलीत,” साहेब म्हणाले. कंपनी त्यांची होती, आणि आज ती त्यांना डोळ्यांसमोर बुडताना दिसत होती.

वहिनी म्हणजे गेममधल्या चुका हुडकणारी. तिचा धाकटा दीर याच ऑफिसात ॲनिमेशन करायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, म्हणून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली होती. एकदा तर साहेबांच्या सासऱ्यांनीही तिला वहिनी म्हटलं होतं.

“पास केली,” ती म्हणाली. “पण पूल, जिना आणि बाजार हे भाग शेवटच्या आठवड्यात बदलले गेले. ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. हात फक्त तिथेच मेलाय. बाकी शहरभर तो छान चालतोय.”

कामाच्या तारखा सांभाळणारी घाईबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

तेवढ्यात मास्तर आले. कंदीलवाल्याला पहिल्यांदा चालायला शिकवणारे ते हेच. केस पांढरे, पाठ ताठ, उजव्या हातात कायमचा चहाचा मग. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर पुलावरची चाल एकदा पाहिली. परत पाहिली.

“हे माझं काम नाही,” मास्तर म्हणाले. “माझ्या कामात कुणीतरी ढवळाढवळ केलीय.”

साहेबांनी न बोलता संगणक त्यांच्याकडे फिरवला. कुठली फाइल कुणी उघडली, कुणी बदलली, याची नोंद संगणक आपोआप ठेवतो. मास्तरांच्या जवळजवळ प्रत्येक फाइलीवर, मास्तरांच्या नंतर, एकच नाव होतं.

वहिनीच्या दिराचं.

आवृत्ती १.१
*बदल: संशयित जोडला आहे. आवाज अजून बसवलेला नाही.*

दिराला ऑफिसात मौनीबाबा म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला तर जेवण संपेपर्यंत “मीठ” एवढा एकच शब्द बोलेल, असा माणूस. वहिनी त्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली.

“भावजी, मास्तरांच्या फाइली तुम्ही उघडल्यात?”

“उघडल्या.”

“बदलल्यात?”

“हो.”

“काय बदललंत?”

तो पडद्याकडे बघत राहिला.

“का बदललंत?”

“वहिनी, चहा सांगू?”

“चहा गेला खड्ड्यात! साहेब काय म्हणतायत ठाऊक आहे? मास्तरांची जागा तुम्हाला हवी होती, ती मिळाली नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या कामाची माती केलीत. संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवणार आहेत. आज तुम्हाला काढलं ना, तर दुसऱ्याच्या कामात विष कालवणारा माणूस म्हणून कुठेच उभं करणार नाहीत. आईंना काय सांगणार आहात?”

आई म्हणजे वहिनीच्या सासूबाई. त्या याच्याकडेच राहायच्या.

दिरानं डोळे चोळले. कितीतरी दिवस झोप नसावी.

“मी माती केली नाही,” तो म्हणाला.

“मग सांगा ना काय केलंत ते!”

“नाही सांगणार.”

“म्हणजे कारण आहे.”

“आहे.”

ती उठली. मास्तरांकडेच जावं, दोघं समोरासमोर आले की उलगडेल, असं तिच्या मनात आलं. ते तिच्या पावलांवरून त्यानं कसं ओळखलं कोण जाणे. मौनीबाबानं चक्क तिची ओढणी धरली.

“वहिनी, मला काढू देत. पाया पडतो, पण मास्तरांना काही विचारू नका.”

आवृत्ती १.२
*बदल: फाइलींचं वजन कमी केलं आहे.*

माणूस आपली नोकरी कुणासाठी सोडतो? हा प्रश्न डोक्यात ठेवून वहिनी आधी घाईबाईला भेटली. शेवटच्या आठवड्यात ते भाग परस्पर आत घातले ते हिनेच.

“माझ्याकडे अशी बघू नकोस,” घाईबाई जिन्यातच म्हणाली. ती कधी बसून बोलत नसे. “मास्तरांना पूल पसंत नव्हता, जिना पसंत नव्हता. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणे, नाही, परत करतो. केलं. चांगलं दिसलं. मी घातलं.”

“तपासायला का नाही पाठवलंस?”

“तारीख माझ्या छातीवर बसली होती गं बाई! तू बघितलं असतंस तर चार चुका काढल्या असत्यास.”

“एकच काढली असती. हात.”

घाईबाई गप्प झाली, आणि हे इतकं नवल होतं की वहिनीनं तिथेच नेम धरला.

“तू फाइली हलक्या केल्यास का?”

“केल्या.” घाईबाईचा आवाज खाली आला. “गेम अडकत अडकत चालत होता. बारीकसारीक हालचाली गाळून फाइली हलक्या करता येतात. त्याच्यानंच मेला का गं हात? साहेबांना सांगणार आहेस?”

वहिनीनं मोबाइलवर बाजाराचा भाग उघडला. कंदीलवाल्याच्या आजूबाजूला माणसं चालत होती. टोपलीवाली, पिशवीवाला, एक लंगडा सैनिक. सगळ्यांचे हात झुलत होते.

“हेही हलके केलेस?”

“पूल, जिना, बाजार, सगळंच केलं.”

“मग ह्यांचे हात का नाही मेले? आणि गाळायचंच होतं तर म्हाताऱ्याच्या कोटाची शेपटं आधी गळाली असती. ती फडफडतायत. तू नाहीस यात.”

घाईबाईनं कठड्याला टेकून श्वास सोडला. मग लगेच, “म्हणजे मग मौनीबाबाच?”

आवृत्ती १.३
*बदल: चांगलं आणि वाईट यांची अदलाबदल झाली होती, ती दुरुस्त केली आहे.*

साहेबांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि ती इतकी सरळ होती की तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. काम बिघडलंय. दुसऱ्याच माणसानं ते उघडलंय. म्हणजे त्यानंच बिघडवलंय.

वहिनीनं एका बाजूला नोंद घेतली आणि दुसऱ्या बाजूला गेम सुरू केला. बंदर. मौनीबाबाचं नाव आहे. कंदीलवाला धक्क्यावरून चालला, हात झुलतोय. गल्ली. नाव आहे. हात झुलतोय. चर्चमागचा चढ, नाव आहे, झुलतोय. बागेत, कारंज्यापाशी, पावसात: नाव आहे, झुलतोय.

पूल.

नाव नाही.

जिना. नाव नाही. बाजार. नाव नाही.

त्या आठवड्यात दीर ऑफिसात नव्हताच! सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डबे तर तिनं स्वतः पोचवले होते.

दिराच्या हातून गेलेली प्रत्येक चाल जिवंत होती. जी गेली नव्हती, ती मेलेली. म्हणजे तो बिघडवत नव्हता, दुरुस्त करत होता. महिनोन्‌महिने, मागे राहून, मुकाट्यानं.

पण मग हात मेलेला यायचा कुठून? फाइलीवर त्याच्याआधी फक्त एकच नाव होतं.

आणि तो माणूस आज सकाळी पडद्यापुढे उभं राहून छातीठोकपणे म्हणाला होता, हे माझं काम नाही.

आवृत्ती १.४
*ही आवृत्ती मागे घेतली आहे. तिच्यात चूक होती. तरी वाचून घ्यावी.*

दिरानं पाया पडून सांगितलं होतं, मास्तरांना विचारू नका. वहिनीनं विचारलं नाही. ती नुसती गप्पा मारायला गेली.

मास्तरांच्या खोलीत एका भिंतीभर आरसा होता. आजकाल कंपन्या नटाच्या अंगाला सेन्सर चिकटवून त्याला चालायला लावतात, आणि संगणक ती चाल उचलतो. मास्तरांना तो प्रकार म्हणजे मेलेल्याचे ठसे घेणं वाटे. ते स्वतः आरशासमोर चालायचे, चालून चालून अंगात मुरवायचे, आणि मग आरशातला माणूस पडद्यावर उतरवायचे. कंदीलवाल्याची चाल म्हणजे मास्तरांचीच चाल, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. खुंटीवर सरावाचा एक जुना कंदीलही टांगलेला असे.

“या वहिनीबाई! चोर सापडला का? की घरचाच आहे म्हणून लपवताय?”

“घरचा असला तर आधी मीच कान धरीन, मास्तर. मला सांगा, नवं काम करताना तुम्ही जुना गेम समोर ठेवला होता?”

“छे! जुनं काम मी कधीच बघत नाही. बघितलं की माणूस स्वतःची नक्कल करायला लागतो. चाललो, आणि जसा चाललो तसा काढला.”

“पुलावरचासुद्धा?”

“सगळाच! तुमच्या त्या मौनीला मी हातात पेन्सिल धरायला शिकवलं, वहिनी. रागवायलाही जीव होत नाही. फक्त एकदा माझ्याकडे बघून ‘हो, मी केलं’ म्हणावं त्यानं.”

ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं चुका हुडकून तिला एक कळलं होतं, खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवतो. हे रागावले होते आणि दुखावले होते, बस.

एक शंका तिला आलीच. जशी चाल तसं काम, तर मग मास्तरांचा स्वतःचा डावा हात? ते चहाचा मग भरायला बाहेर निघाले तेव्हा ती मागोमाग गेली आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. उजव्या हातात मग. डावा हात मोकळा, आणि काय झुलत होता! थेट जुन्या कंदीलवाल्यासारखा.

म्हणजे मास्तर यात नव्हते.

म्हणजे कुणीच यात नव्हतं.

आवृत्ती १.४, दुरुस्त
*बदल: डावं आणि उजवं.*

मास्तर चहाच्या यंत्रापाशी कुणाशी तरी बोलत थांबले होते. वहिनी त्यांच्या खोलीत परत आली, कारण विचार करायला दुसरीकडे जागा नव्हती. समोरच्या आरशात तिचा स्वतःचा चेहरा दिसला. हरलेला.

तिनं सहज खुंटीवरचा कंदील काढला. कंदीलवाला धरतो तसा उजव्या हातात धरला आणि आरशाच्या दिशेनं चालायला लागली.

आरशातल्या बाईनं कंदील डाव्या हातात धरला होता.

वहिनी थबकली. आरशातल्या माणसाच्या उजव्या हातात कंदील दिसायचा असेल, तर खऱ्या माणसानं तो डाव्या हातात धरायला हवा. तिनं हात बदलला. आता बरोबर दिसलं. आणि आता आरशात झुलत होता तो डावा हात, तिचा मात्र उजवा.

कंदीलवाल्याचा डावा हात म्हणजे मास्तरांचा उजवा. तोच, ज्यात दिवसभर चहाचा मग असतो, आणि म्हणून तो झुलतो की नाही हे कुणाला कधी दिसलंच नाही.

ती दारात आली. मास्तर परत येत होते, पण यंत्रात चहा संपला असावा, कारण रिकामा मग त्यांनी बगलेत खोचला होता आणि दोन्ही हात मोकळे होते. पाय नेहमीच्या ऐटीत. डावा हात हवेत पोहत होता.

उजवा खुंटीला अडकवलेला.

पुलावरचा म्हातारा तिच्याकडे चालत येत होता, आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं.

आवृत्ती १.५
*बदल: आवाज बसवला आहे.*

“कंपवात,” दीर म्हणाला. ते दोघं इमारतीच्या मागच्या जिन्यावर होते, जिथे सिगरेटवाले उभे राहतात. “निदान करायला मी डॉक्टर नाही. पण मला दिसलं.”

“हात थरथरत नाहीत त्यांचे.”

“थरथर नंतर येते. कधीकधी त्याच्या आधी झोका जातो. एकाच हाताचा. डोकं सांगायचं विसरतं की पाय पुढे गेला, आता तू मागे जा.” मौनीबाबा एका दमात इतकं बोलला आणि धाप लागल्यासारखा थांबला. “बाबांचं असंच झालं होतं.”

बाबा म्हणजे तिचे सासरे. तिच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. तिला आठवत होते ते खुर्चीत बसलेले.

“बाबा किती चालायचे आठवतं?” तो म्हणाला. “भाजी आणायला दूरच्या मंडईत जायचे, का तर वाट मोठी म्हणून. मी तेव्हा हेच शिकत होतो. माणसं चालतात कशी ते बघा, असा अभ्यास शिक्षक द्यायचे. मी बाबांना बघितलं. मला वाटलं, काय मस्त लकब सापडली! जेवताना उठलो आणि स्वयंपाकघरात बाबांसारखं चालून दाखवलं. एक हात असा लोंबता.”

वहिनीला ते स्वयंपाकघर दिसलं. नवी नवरी होती ती. ताटं मांडलेली होती.

“आपण सगळे हसलो,” दीर म्हणाला. “बाबाही हसले. तुम्हीही हसलात, वहिनी.”

“हो.”

“त्यानंतर ते मंडईत गेले नाहीत. डॉक्टर, औषधं हे सगळं फार पुढे. पण चालणं त्या रात्रीच संपलं. कुणी बघत असलं की ते उठायचेच नाहीत. दादाला अजून वाटतं की आजारानं त्यांना खुर्चीत बसवलं.”

दादा म्हणजे वहिनीचा नवरा.

“म्हणून तुम्ही मास्तरांचा झोका स्वतः भरत होतात.”

“गेम बाहेर पडेपर्यंत. त्यांचं हे शेवटचं मोठं काम आहे. ते धड होऊ दे, मग बघू, असं म्हटलं.”

“मग बघू म्हणजे कधी? भावजी, लवकर कळलं तर औषधं असतात.”

“ठाऊक आहे मला!” तो पहिल्यांदाच ओरडला. “रोज सांगायचं ठरवून येतो. ते उठून मला चालून दाखवायला लागले, की जीभ उचलत नाही.”

संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता. वहिनी गप्प राहिली तर हा माणूस कायमचा बदनाम होणार होता. ती बोलली तर साहेबांच्या खोलीत, चारचौघांत, एका म्हाताऱ्याला त्याचा आजार एका अपराधाचं उत्तर म्हणून कळणार होता. म्हणजे पुन्हा तेच स्वयंपाकघर, फक्त माणसं जास्त.

“आवरा,” ती म्हणाली. “मास्तरांच्या खोलीत चला.”

“वहिनी, नाही.”

“मी त्यांना काही सांगणार नाही. पण ते बघतील तेव्हा तुम्ही समोर असायला हवं.”

आवृत्ती १.६
*बदल: हे दोघांनी मिळून केलं आहे. कुणाचं किती, याची नोंद नाही.*

तिनं दार लावून घेतलं. आरशाला टेकवून टॅब उभा केला आणि त्यावर जुना गेम सुरू केला. पहिली आवृत्ती, पूल. म्हातारा कंदीलवाला समोरून चालत यायचा आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचा.

“हे बंद करा,” मास्तर म्हणाले. “मी बघत नाही म्हटलं ना.”

“आज एकदाच बघा. आणि त्याच्या शेजारी चालून दाखवा. मला चाल तपासायची आहे, मास्तर. माझं कामच आहे ते.”

त्यांनी दिराकडे पाहिलं. तो भिंतीला चिकटून उभा होता. मास्तरांनी चहाचा मग तिच्या हातात दिला, कंदील डाव्या हातात घेतला आणि चालले.

आरशात दोन म्हातारे चालत आले. एकाचा हात झुलत होता.

मास्तर आरशापाशी थांबले. मागे गेले आणि परत चालत आले, पण या वेळी नजर उजव्या हातावर ठेवून. हात झुलला. अगदी व्यवस्थित. वहिनीला वाटलं, आपण चुकलो की काय! ते तिसऱ्यांदा मागे गेले. आता त्यांनी नजर पायांवर ठेवली, चाल करताना ठेवायचे तशी. दोन पावलं हात झुलला. मग सावकाश थांबला.

त्यांनी मान वर केली आणि त्यांना तो थांबलेला दिसला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाचलेला माणूस. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. कंदील खाली ठेवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, की तिला तसं वाटलं?

“कधीपासून?” हा प्रश्न वहिनीला नव्हता.

“नवं काम सुरू केलंत तेव्हापासून,” दीर म्हणाला.

“आणि तू दर वेळी मागून भरत होतास.”

“हो.”

“मला न विचारता.”

“हो.”

मास्तरांनी बंदराचा भाग उघडायला सांगितला. दिरानं दुरुस्त केलेला. कंदीलवाला धक्क्यावरून हात झुलवत गेला. मास्तरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं.

“झोका जास्त घातलायस,” ते म्हणाले. “इतका आनंदात मी कधीच चाललो नाही.”

दिराचा चेहरा कोलमडला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डावा.

साहेबांच्या खोलीत ते स्वतःच बोलले. उभं राहून. “पूल, जिना आणि बाजार हे माझं काम आहे, जसंच्या तसं. सकाळी मी ते ओळखलं नाही, ही चूक माझी. बाकीचं ह्यानं वाचवलं. माझी तब्येत दाखवून घ्यायला हवी आहे, आणि त्याबद्दल मला आज कुणी काही विचारू नये.” साहेब कसला तरी कागद उलटा करून ठेवत म्हणाले, “बसा ना, मास्तर.”

मास्तर बसले. आणि ते बसताना दिरानं मान फिरवली.

निघताना तो लिफ्टपाशी वहिनीला भेटला.

“नोकरी वाचली तुमची,” ती म्हणाली.

“हो.” दार उघडलं, तरी तो आत गेला नाही. “पण तुम्ही बरं केलंत असं मी म्हणणार नाही, वहिनी. अजून तरी नाही. ते उद्या उठून चालत येतात की नाही, ते बघू.”

आवृत्ती २.०
*बदल: माहीत नाही.*

नवरा तिला न्यायला बसथांब्यावर आला होता. थंडी पडली होती, दिवे लागले होते, कामावरून सुटलेली माणसं घाईघाईनं घरी चालली होती. कुणाच्या पाठीवर सॅक, कुणाच्या कडेवर मूल. वहिनीला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला नुसते हात दिसत होते. हा झुलला, तो झुलला. त्या बाईचा एक नाही झुलला. हां, पर्स आहे. त्या काकांचा? मोबाइल आहे.

“काय गं, भूत बघितल्यासारखी?” नवरा म्हणाला. “धाकट्यानं काही गोंधळ घातला का? फोनवर म्हणाला, वहिनीलाच विचार. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे मोठंच काहीतरी असणार.”

“घरी गेल्यावर सांगते.”

“चल मग, भूक लागलीय.”

तो पुढे निघाला. त्याची चाल नेहमीची, लांब ढांगांची. लग्नाआधी तिला ती गर्दीत दुरून ओळखू यायची. थंडी होती म्हणून त्यानं दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले होते.

वहिनी मुद्दाम मागे राहिली.

“ए,” तिनं हाक मारली. “हात बाहेर काढ ना.”

“का?”

“काढ.”

“अगं, गारठलेत!” तो वळून हसला. त्याचं हसणं थेट सासऱ्यांसारखं होतं, हे सगळेच म्हणायचे.

“काढ ना रे,” ती म्हणाली. “काढ आणि चल. पुढे बघून चाल. माझ्याकडे बघू नकोस.”

त्यानं खांदे उडवले, हात खिशातून काढले, आणि तो चालायला लागला.